उतारवयातील स्तनाचा कर्करोग आणि महिन्याचे इंजेक्शन

या स्मरणिकेत मी आजवर दोन वेळा लिहिले. एकदा तुरीच्या साठवणुकीविषयी आणि एकदा वखारीतील किडीविषयी. दोन्ही विषय माझ्या धंद्यातले असल्यामुळे लेखणी बिनदिक्कत चालली. यंदाचा विषय निराळा आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक ठोक धान्यव्यापारी आहे. तथापि गेली नऊ वर्षे आमच्या घरात जो रोग मुक्कामास आहे त्याचा जमाखर्च मी स्वतः ठेवीत आलो आहे आणि त्यातून जे शिकावयास मिळाले ते व्यापारी बांधवांच्या व विशेषतः त्यांच्या घरातील माताभगिनींच्या कानी घालणे हे मला कर्तव्य वाटते. घरातील रोगाची वाच्यता छापील पानावर कशाला, असे काहींना वाटेल. ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या माझ्या वहिनींनाच मी प्रथम विचारले. त्या म्हणाल्या, "नाव घालू नका भाऊजी, पण लिहा. मी लपवले, ते दुसऱ्या कोणी लपवू नये."

आमचे रामाकोना हे कन्हान नदीच्या काठचे गाव. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 साली नवा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून त्यात मोडते. राज्य मध्य प्रदेशाचे असले तरी घरातील बोली मराठी, आणि मोठे दुखणे आले की वाट नागपूरचीच. पूर्वी या वाटेवर छोट्या लाईनीची गाडी धावत असे. 2015 च्या अखेरीस रूळ रुंद करण्यासाठी ती बंद पडली. 2016 च्या उन्हाळ्यात वहिनींना प्रथम नागपूरला नेले ते सौंसर-सावनेरमार्गे मोटारीने. त्या वेळी त्या साठ वर्षांच्या होत्या. थोरले बंधू जाऊन सहा वर्षे झाली होती.

डाव्या स्तनातील गाठ त्यांना त्यापूर्वी वर्षभर ठाऊक होती. दुखत नव्हती, म्हणून बोलल्या नाहीत. मग चातुर्मास आला, मग नातीचे लग्न ठरले. घरात मंगलकार्य असता अशुभ कसे काढावे, असा त्यांचा विचार. अखेर स्नानाच्या वेळी सूनबाईंच्या लक्षात आले की स्तनाची त्वचा एका जागी आत ओढली गेली आहे. त्या दिवशी मी दुकानात पोत्यांची मोजदाद करीत होतो. मुलगा येऊन कानात बोलला आणि मी मोजदाद विसरलो.

येथे पहिली गोष्ट नमूद करतो. स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज अत्यंत घातक होय. त्वचा आत ओढली जाणे, बोंडी आत वळणे, बोंडीतून रक्ताळ पाणी येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुहूर्त पाहू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने या बाबतीत मोठे काम केले आहे. हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तेथील वैद्यांनी 1998 पासून मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. 2021 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले होते. केवळ शिकलेल्या हातांनी एवढे साधते, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा तपासणीस गेला आणि अहवालात "ई.आर. पॉझिटिव्ह" असे आले. मला त्याचा अर्थ कळेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो असा समजाविला. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. स्तनाच्या काही कर्करोगांत रोगाच्या पेशींमध्ये या संप्रेरकाला धरून ठेवणारी जागा असते. तिला ग्राही म्हणतात. संप्रेरक तेथे जाऊन बसले की पेशीस वाढण्याची आज्ञा मिळते. अशा रोगास संप्रेरकावर पोसणारा रोग म्हणतात, आणि स्तनाच्या कर्करोगांपैकी बरेचसे या जातीचे असतात.

मी विचारले, "बाई, वहिनींचा मासिक धर्म जाऊन दहा वर्षे झाली. मग हे इस्ट्रोजेन येते कोठून?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "व्यापाऱ्यासारखा प्रश्न विचारलात." ऋतुनिवृत्तीनंतर बीजांडकोश हे संप्रेरक करीत नाहीत हे खरे; पण मूत्रपिंडावरील ग्रंथींतून निघणाऱ्या दुसऱ्या द्रव्यापासून शरीरातील चरबी व स्नायू थोडे थोडे इस्ट्रोजेन बनवीत राहतात. मोठा बाजार उठला तरी घरोघरची किरकोळ विक्री चालू राहावी, तसे हे आहे. रोगाला तेवढेही पुरते.

हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. 1896 साली ग्लासगो येथील शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढून टाकल्यावर स्तनाचा वाढलेला रोग ओसरतो असे दाखविले. परंतु का ओसरतो हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. ग्राहीचा शोध शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी 1958 च्या सुमारास लावला. 1962 साली इंग्लंडमधील एका रासायनिक कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी टॅमॉक्सिफेन हे द्रव्य तयार केले. शोध चालला होता गर्भनिरोधाच्या औषधाचा. ते तसे उपयोगी पडले नाही, पण कर्करोगावर लागू पडले. 1977 साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळांत पुढे फुलवेस्ट्रंट हे इंजेक्शन जन्मास आले व 2002 साली त्यासही अमेरिकेत मान्यता मिळाली.

ही औषधे एकच काम निरनिराळ्या रीतींनी करतात. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. टॅमॉक्सिफेनची गोळी गिऱ्हाइकाच्या जागेवर आपला माणूस बसवून ठेवते. खरे गिऱ्हाईक आले तरी बसावयास जागा नाही. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या मालाची आवकच तोडतात. चरबीत इस्ट्रोजेन बनू देत नाहीत. फुलवेस्ट्रंट मात्र दुकानातील काटाच उचलून नेते. ते ग्राहीला चिकटते आणि त्यानंतर पेशी स्वतःच त्या ग्राहीचा नाश करते. काटाच नाही म्हटल्यावर माल असून तोलणार कशावर?

वहिनींना प्रथम लेट्रोझोलची गोळी मिळाली. रोज एक गोळी, दुपारच्या जेवणानंतर. त्या सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत, म्हणून दुपारची वेळ ठरविली. डॉक्टरीणबाईंनी त्यास आनंदाने संमती दिली. सहा वर्षे उत्तम गेली. आम्ही रोग विसरलो असे म्हटले तरी चालेल. 2022 च्या पावसाळ्यात त्यांची पाठ दुखू लागली. वयाचे दुखणे म्हणून महिनाभर तेल चोळले. पुढे तपासणीत कळले की रोग पाठीच्या मणक्यांत उतरला आहे.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला व पुतण्याला बाजूस न नेता वहिनींसमोरच सांगितले. "हा आता मुळासकट जाणारा रोग राहिला नाही. पण त्याला आवरून धरणारे औषध आहे. किती काळ, हे मी लिहून देऊ शकत नाही." वहिनींनी विचारले, "केस जातील का?" उत्तर मिळाले, "या इंजेक्शनाने जात नाहीत." तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग द्या."

हे इंजेक्शन कसे देतात ते तपशीलवार सांगतो, कारण ते कळले म्हणजे अर्धी भीती जाते. मात्रा 500 मिलिग्रॅमची असते. ती दोन सुयांत विभागलेली असून प्रत्येक सुईत 5 मिलिलिटर औषध असते. एक सुई एका कुल्ल्यात, दुसरी दुसऱ्यात. औषध दाट असते म्हणून प्रत्येक सुई एक ते दोन मिनिटे सावकाश द्यावी लागते. त्या भागाजवळून पायाची मोठी शीर जाते, यास्तव हे काम जाणत्या हाताचेच आहे. ओळखीच्या कंपाउंडरकडून घरी टोचून घेण्याचा मोह टाळावा. औषध शीतपेटीत 2 ते 8 अंशांवर ठेवावे लागते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास अथवा यकृताचे दुखणे असल्यास आधी सांगावे; यकृताचा आजार मध्यम स्वरूपाचा असेल तर मात्रा निम्मी करतात.

औषध दाट का, याचे उत्तर ऐकून मला मौज वाटली. त्यात एरंडेल असते. ज्या एरंडीची पोती आपण उचलली तिचेच शुद्ध केलेले तेल. स्नायूत सोडलेला तेलाचा हा साठा हळूहळू झिरपतो, म्हणून औषध महिनाभर पुरते. त्यात अल्कोहोलचाही अंश असतो. काही श्रावकांच्या मनात याविषयी विकल्प येईल म्हणून मुद्दाम सांगतो. वहिनींनी हे समजून घेतले आणि म्हणाल्या, "हे औषध आहे, व्यसन नव्हे."

पहिल्या महिन्यात इंजेक्शन तीनदा द्यावे लागते: पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी व एकोणतिसाव्या दिवशी. त्यानंतर महिन्यातून एकदा. वखारीत प्रथम पुरेसा साठा करून मग जेवढा उठाव तेवढाच भरणा करावा, तसा हा प्रकार आहे. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जावयास सुमारे 40 दिवस लागतात. सुरुवातीस मात्रा 250 मिलिग्रॅमची होती. 736 स्त्रियांवर दोन्ही मात्रा ताडून पाहिल्या तेव्हा मोठ्या मात्रेच्या बाजूस निम्म्या स्त्रिया 26.4 महिन्यांहून अधिक जगल्या, लहान मात्रेच्या बाजूस 22.3 महिन्यांहून. म्हणून 2010 पासून मोठी मात्रा रूढ झाली. पूर्वी संप्रेरकाचे कोणतेही औषध न घेतलेल्या 462 स्त्रियांच्या दुसऱ्या एका परीक्षेत अनास्ट्रोझोलच्या गोळीने रोग मध्यमानाने 13.8 महिने थोपला, तर या इंजेक्शनाने 16.6 महिने. हे आकडे मी लपवीत नाही. ते लहान वाटतात. परंतु मध्यमान म्हणजे शेवटची मर्यादा नव्हे; निम्म्या स्त्रिया त्याच्या पलीकडे असतात. शिवाय अलीकडे पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या या इंजेक्शनाच्या जोडीस देतात, त्याने रोग अधिक काळ आवरतो. पाल्बोसिक्लिब पूर्वी फार महाग होते. 2023 साली त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर भारतीय कंपन्यांनी ते बनविण्यास प्रारंभ केला आणि दर पुष्कळ उतरले. तेव्हापासून वहिनींनाही ते चालू आहे. मूळ इंजेक्शनही अनेक भारतीय कंपन्या बनवितात व त्यांच्या दरांत मोठा फरक असतो. डॉक्टरांना विचारूनच दर काढावा, पण अवश्य काढावा.

आता माझ्या चुकीकडे येतो. पहिल्या तीन-चार महिन्यांचा खर्च खतावणीत मांडून मी एका रात्री दुकानात बसलो होतो. मोटारभाडे, तपासण्या, इंजेक्शने अशी बेरीज केली आणि मनात आले, रोग जाणार नाही म्हणतात, मग याची फेड काय? हा विचार मी कोणापाशी बोललो नाही. पण एकत्र कुटुंबात न बोललेलेही कळते. दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पाठ आता हलकी आहे. सुई पुरे झाली. त्या पैशात धाकट्या पोरीचे शिक्षण पाहा." मी "नाही" म्हटले, पण ठामपणे म्हटले नाही.

पुढे 2023 च्या शरदात सोयाबीनची आवक आली. मोटार रोज सौंसरच्या मंडईत गुंतलेली, मुलगा मालाच्या मागे. वहिनींची तारीख आली आणि गेली. त्यांनी आठवण दिली नाही, मी काढली नाही. उणेपुरे तीन आठवडे लोटल्यावर सूनबाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्या गादीवर आणून ठेवले. एक शब्दही बोलल्या नाहीत.

नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फाईल पाहिली व मला विचारले, "शेठजी, तुमच्या धंद्यात देण्याची मुदत चुकली तर काय होते?" मी म्हणालो, "पत जाते." त्या म्हणाल्या, "येथेही तेच समजा. एका खेपेने अनर्थ झाला नाही, पण रोग आपली मुदत विसरत नसतो. आणि तुम्ही बरे होण्याचा हिशेब मांडता आहात. माझा हिशेब निराळा आहे. मागच्या वर्षी या खुर्चीतून उठू शकत नव्हत्या. आज जिना चढून आल्या."

परतीच्या वाटेवर मी तो हिशेब नव्याने मांडला. इंजेक्शन सुरू झाल्यापासून वहिनींनी काय केले? धाकट्या नातवाला बाराखडी शिकविली. पर्युषणात रोज मंदिरात गेल्या. दुपारी ओसरीवर बसून घरच्या तुरीचे खडे वेचले, आणि दुकानात आलेल्या गव्हाचा वाण नुसता हातात घेऊन ओळखला, जसा त्या चाळीस वर्षे ओळखीत आल्या. खतावणीत खर्चाचे पान होते, जमेचे पानच मी उघडले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम आहे. सुईच्या तारखेस मोटार मंडईत जात नाही, मग आवक कितीही असो.

त्रास होतो काय? होतो. सुईची जागा एक-दोन दिवस दुखते. अंगातून उष्णतेच्या लहरी उठतात, सांधे धरतात, थकवा येतो, कधी मळमळते. यातील बहुतेक सोसवते. मात्र उपवासाविषयी सावध असावे. इंजेक्शन पोटातून जात नसल्यामुळे उपवासाचा त्यास अडसर नाही. पण जोडीची पाल्बोसिक्लिबची कॅप्सूल अन्नाबरोबर घ्यावयाची असते. म्हणून उपवास, एकाशन, आयंबिल यांपैकी काहीही करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. वहिनी आता अठ्ठाई करीत नाहीत. त्यांना ते जड गेले. पण महाराजांपाशी त्यांनी स्वतःच विषय काढला व त्याऐवजी स्वाध्यायाचा नियम घेतला.

आणखी एक खुलासा. ज्या भगिनींचा मासिक धर्म चालू आहे त्यांचे बीजांडकोश अद्याप इस्ट्रोजेन करीत असतात. त्यांना ते काम थांबविणारे गोसेरेलिनसारखे दुसरे इंजेक्शन, दर 28 दिवसांनी, पोटाच्या त्वचेखाली देतात. दोन्ही इंजेक्शने महिन्याची म्हणून त्यांचा घोटाळा करू नये. आणि ज्यांच्या रोगात ग्राहीच नाहीत त्यांना यांपैकी कशाचाच उपयोग नाही. त्यांचे उपचार वेगळे. यास्तव अहवालातील "ई.आर.", "पी.आर." व "हर-टू" या तीन नोंदी काय आहेत हे प्रत्येक घराने विचारून लिहून ठेवावे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. आता मुंबईस धाव घेतल्यावाचून हे उपचार होतात. 2024 च्या अखेरीपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळू लागले आहे. कोणते औषध त्यात बसते हे रुग्णालयातील आयुष्मानच्या खिडकीवर आधी विचारावे.

शेवटी आपल्या संघास दोन सूचना नम्रपणे करतो. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी आपण नेत्रतपासणी ठेवतो. तिच्या जोडीस महिलांसाठी, महिला वैद्यांकडून, बंद खोलीत स्तनतपासणी ठेवावी. आणि आसपासच्या गावांतील ज्या सभासदाच्या घरी असा रुग्ण असेल त्याच्या तारखेस गाडीची सोय संघाने आळीपाळीने करावी. हंगामात प्रत्येकाची गाडी गुंतलेली असते हे मी अनुभवाने सांगतो. पहिली पाळी माझ्या गाडीची लिहून घ्यावी.

वहिनी आज एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. मागील तपासणीत मणक्यांतील रोग होता तेथेच होता, वाढला नव्हता. पुढे कधीतरी हे औषधही पुरेसे पडणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे व आम्हालाही. हा लेख मी त्यांना वाचून दाखविला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली. मी लिहिले होते की त्या वर्षभर "लाजेने" गप्प राहिल्या. त्या म्हणाल्या, "लाज नव्हती भाऊजी, कोणी विचारले नव्हते." तो शब्द मी वर खोडला आहे. बंधूंनो, आज घरी गेल्यावर विचारा.